एच-४ वरची मुलं आणि इन-स्टेट फी : अमेरिकेतल्या सरकारी कॉलेजात ‘रहिवासी’ कसं ठरायचं

“मुलगी तिसरीपासून इथेच शिकतेय, टॅक्स आम्ही याच राज्यात भरतो, मग फी इन-स्टेटच लागेल ना?” मुलं अकरावीत गेली की एच-१बी वरच्या मराठी घरांत हा प्रश्न हमखास निघतो. (एच-१बी हा नोकरीचा तात्पुरता व्हिसा, त्याच्या जोडीदार-मुलांचा तो एच-४. इन-स्टेट फी म्हणजे राज्याच्या रहिवाशाला लागणारी कमी फी.) बहुतेक वेळा उत्तर ‘हो’ असतं, पण आई-बाबांना वाटतं त्या कारणासाठी नव्हे. मूल किती वर्षं इथे आहे, याला कॉलेज दुय्यम महत्त्व देतं. आधी ते बघतं की तुमच्या व्हिसाच्या प्रकारात इथे कायमचं घर करायचा हेतू ठेवायला कायद्याची आडकाठी आहे का. पुढचं सगळं यावरच उभं आहे.

प्रश्न किती डॉलरचा आहे तेही बघू. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात (यूसी), म्हणजे बर्कली, यूसीएलए, सॅन डिएगो वगैरे ठिकाणी, बाहेरच्या राज्याच्या विद्यार्थ्याला नेहमीच्या फीवर वेगळी जादा फी पडते. २०२५-२६ मध्ये नव्याने दाखल झालेल्यांसाठी ती ३७,६०२ डॉलर आहे. चार वर्षांचे दीड लाख डॉलर होतात, आणि त्यात राहणं-खाणं धरलेलं नाही. तिथल्या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचं सरकारी कॉलेज) रहिवाशाला एका युनिटला, म्हणजे क्रेडिटला, ४६ डॉलर पडतात आणि बाहेरच्याला त्याच्या कित्येक पट. त्यामुळे हे काम अर्जाच्या शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. मूल नववीत असतानाच कागद लावायला घ्या.

आधी नियमामागचा विचार

महाराष्ट्रात डोमिसाइल हवं असेल तर पंधरा वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे जोडायचे, सेतूत अर्ज करायचा, तहसील कार्यालयातून दाखला येतो आणि तो सगळीकडे चालतो. अमेरिकेत असा दाखला मिळत नाही. राज्याचा कायदा असतो, त्याखाली विद्यापीठाचे नियम असतात आणि प्रत्यक्ष निर्णय कॉलेजच्या रेसिडेन्सी ऑफिसातला माणूस घेतो. एकाच राज्यातली दोन सरकारी विद्यापीठं एकाच मुलाबद्दल वेगवेगळे कागद मागू शकतात.

जवळपास सगळीकडे दोन गोष्टी तपासतात: तुम्ही राज्यात प्रत्यक्ष राहता का (बहुधा सत्र सुरू होण्याआधीचे सलग बारा महिने) आणि इथेच राहण्याचा तुमचा हेतू आहे का. नागरिकाने हेतू सांगितला की तो कागदांवरून पडताळतात. नागरिक नसलेल्याच्या बाबतीत त्याआधी एक पायरी असते: असा हेतू ठेवायची मुभा त्याच्या व्हिसात आहे का?

एफ-१ वरच्या विद्यार्थ्याने कॉन्सुलेटच्या खिडकीसमोर मायदेशी घर कायम आहे आणि शिकून परत जाणार, असं दाखवूनच व्हिसा घेतलेला असतो. त्यानेच वर्षभराने ‘टेक्सास हे माझं कायमचं घर’ म्हटलं तर ते ग्राह्य धरता येत नाही. जे-१ (एक्स्चेंज), बी-१ व बी-२ (कामाची भेट आणि पर्यटन), एम-१ (व्यावसायिक प्रशिक्षण) यांचंही साधारण तसंच. एच-१बी, एच-४, एल-१ (कंपनीअंतर्गत बदली), एल-२ (एल-१ चं कुटुंब) यांना मात्र दुहेरी हेतूची सोय आहे. तात्पुरत्या व्हिसावर राहून ग्रीन कार्डची वाट बघणं त्यांना कायद्याने मान्य आहे, म्हणून बहुतेक राज्यं त्यांना रहिवासी व्हायला वाव देतात.

हे आपसूक ठरलेलं नाही. सत्तरच्या दशकात मेरीलँड विद्यापीठाने जी-४ व्हिसावरच्या मुलांना इन-स्टेट फी नाकारली होती. जागतिक बँकेसारख्या आंतरराष्ट्रीय संस्थांतल्या कर्मचाऱ्यांची ती मुलं होती आणि त्यांची घरं मेरीलँडमध्येच होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात दोनदा गेलं. १९७८ मध्ये न्यायालय म्हणालं की जी-४ वाल्याला अमेरिकेत डोमिसाइल करायला संघराज्याचा कायदा आड येत नाही. १९८२ मध्ये ‘टोल विरुद्ध मोरेनो’ खटल्यात विद्यापीठाचं धोरणच रद्द झालं. तुमच्या मुलाच्या अर्जावर ‘एच-४’ वाचून कोणी नुसतंच ‘इंटरनॅशनल’ म्हणत असेल, तर हा इतिहास ठाऊक असलेला बरा.

तीन वेगळे निर्णय, तीन वेगळी ऑफिसं

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. प्रवेशासाठी मुलाला कोणत्या गटात धरायचं हे अॅडमिशन ऑफिस ठरवतं. फी इन-स्टेट की आउट-ऑफ-स्टेट हे रजिस्ट्रार किंवा रेसिडेन्सी ऑफिस ठरवतं. आर्थिक मदत मिळणार का हे फायनान्शियल एड ऑफिस ठरवतं. या तिघांची उत्तरं एकमेकांशी जुळतीलच असं नाही.

एच-४ वरचं मूल काही ठिकाणी प्रवेशाला ‘इंटरनॅशनल’ गटात जातं, फीला ‘इन-स्टेट’ ठरतं आणि संघराज्याच्या मदतीला अपात्र असतं, तेही एकाच वेळी. फाफसा हा संघराज्याच्या मदतीचा अर्ज नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि निर्वासितांसारख्या मोजक्या गटांसाठी आहे. एच-४ त्यात येत नाही. इन-स्टेट फी मिळाली म्हणून पेल ग्रँट (संघराज्याचं अनुदान) किंवा संघराज्याचं कर्ज मिळणार नाही आणि मदत नाकारली म्हणून इन-स्टेट फी जाणार नाही. अॅडमिशनच्या ईमेलमध्ये ‘इंटरनॅशनल’ शब्द दिसला म्हणून घाबरून कॉलेजकडून आय-२० (एफ-१ साठी लागणारा फॉर्म) मागवून मुलाला एफ-१ वर नेणारे पालक असतात. चांगली चालणारी गाडी स्वतःच रुळांवरून उतरवायचा हा प्रकार आहे. एच-४ वर पूर्णवेळ कॉलेज शिकता येतं, त्यासाठी एफ-१ लागत नाही.

पहिली पायरी : मुलाचा स्वतःचा दर्जा तपासा

आई-बाबांच्या एच-१बी च्या तारखा घरात सगळ्यांना पाठ असतात. मुलाचा आय-९४ कधी संपतो, हे विचारलं की शांतता पसरते.

पासपोर्टमधला व्हिसाचा शिक्का फक्त देशात शिरण्यापुरता असतो. तुम्ही इथे कोणत्या दर्जाने आणि कधीपर्यंत आहात ते आय-९४ सांगतो. तो सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावरून छापून घेता येतो किंवा मुदतवाढीच्या मंजुरीपत्राच्या, म्हणजे आय-७९७ए च्या, खालच्या भागात असतो. सर्वांत शेवटी मिळालेला आय-९४ लागू धरतात. म्हणजे उन्हाळ्यात भारतात जाऊन परत आलात की विमानतळावर नवा तयार होतो आणि जुन्या आय-७९७ वरची तारीख मागे पडते.

आता भारतीय मुलांच्या बाबतीतला खास खड्डा. अल्पवयीन मुलाचा भारतीय पासपोर्ट साधारण पाच वर्षांचाच असतो. पासपोर्ट व्हिसाच्या आधी संपत असेल, तर विमानतळावरचा अधिकारी आय-९४ पासपोर्टच्या तारखेपर्यंतच देऊ शकतो. आईचा आय-९४ २०२८ पर्यंत, बाबांचा २०२८ पर्यंत आणि मुलाचा मात्र २०२६ च्या मार्चपर्यंत, असा प्रकार होतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. कॉलेज कागद मागतं तेव्हा मूल कित्येक महिने बिनदर्जाचं राहिलंय हे कळतं. तेव्हा प्रश्न फीपुरता राहत नाही, आधी इमिग्रेशन वकील गाठावा लागतो. म्हणून परत आल्या आल्या, सामान उघडायच्या आधी, घरातल्या प्रत्येकाचा आय-९४ छापून तारखा जुळवा. भारतात जायच्या आधी मुलाचा पासपोर्ट नूतनीकरण करून घेतला तर हा प्रश्नच येत नाही.

मुदतवाढीचा आय-५३९ अर्ज प्रलंबित असेल तर त्याची पावतीही फाइलला लावा. पावतीवर चालेल का, की मंजुरीच लागेल, हे कॉलेजला आधीच ईमेलने विचारून ठेवा.

दुसरी पायरी : दार कोणतं ते ठरवा

इन-स्टेट फीकडे जायला साधारण दोन दारं असतात. पहिलं डोमिसाइलचं. आई किंवा वडील राज्याचे रहिवासी असले की त्यांच्यावर अवलंबून असलेलं मूलही रहिवासी धरतात. दुसरं हायस्कूलचं. त्याच राज्यात ठराविक वर्षं शिकून बारावी केली की आई-बाबांच्या डोमिसाइलची चौकशी न करता फी कमी होते.

दुसऱ्या दाराचा उगम समजून घ्या, नाहीतर बातम्या वाचून उगाच धाकधूक होते. १९९६ च्या संघराज्याच्या कायद्यानुसार बेकायदा राहणाऱ्या व्यक्तीला केवळ राज्यात राहते म्हणून कॉलेजच्या फीत सवलत देता येत नाही, ती द्यायची तर देशातल्या कुठल्याही नागरिकाला त्याच अटींवर मिळायला हवी. राज्यांनी त्यातून वाट काढली: सवलत ‘राहण्या’वर न देता ‘हायस्कूल शिकण्या’वर द्यायची. टेक्सासने २००१ मध्ये असा पहिला कायदा केला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाचा एबी ५४० आला आणि २०१० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला.

२०२५ पासून या दारावरच हल्ला सुरू आहे. फ्लोरिडाने विनाकागद (वैध दर्जा नसलेल्या) विद्यार्थ्यांची सवलत स्वतःच काढून घेतली, ती १ जुलै २०२५ पासून बंद झाली. ४ जून २०२५ रोजी केंद्रीय न्याय खात्याने टेक्सासवर दावा लावला, राज्याने त्याच दिवशी माघार घेतली आणि न्यायालयाने कायमची मनाई दिली. पाठोपाठ केंटकी, मिनेसोटा, ओक्लाहोमा, इलिनॉय यांच्यावरही दावे झाले. एच-४ वाल्यांनी एक लक्षात ठेवावं की टेक्सासचा मनाईहुकूम ‘कायदेशीरपणे उपस्थित नसलेल्या’ परदेशी व्यक्तींपुरता आहे. वैध दर्जावरच्या मुलाचं दार त्याने बंद होत नाही. पण आता तिथली कॉलेजं दर्जाचे कागद बारकाईने मागतात. पूर्वी ‘टेक्सासमध्ये बारावी केली’ एवढं सांगून भागायचं, आता आय-९४ दाखवा म्हणतात. म्हणूनच पहिली पायरी वर इतकी लांबवली.

काही राज्यं जवळून

टेक्सासचा कायदा यांतला सर्वांत सुटसुटीत वाटतो. सेन्सस डेट म्हणजे सत्रातली पटनोंदणीची ठरलेली तारीख. तिच्या किमान एक वर्ष आधी आई किंवा वडिलांनी डोमिसाइल केलेलं असेल आणि मूल त्यांच्यावर अवलंबून असेल (अठराच्या आत, किंवा त्यांच्या फेडरल टॅक्स रिटर्नमध्ये अवलंबून म्हणून दाखवता येण्याजोगं), तर काम झालं. नाहीतर टेक्सासमध्ये बारावी, त्याआधी सलग तीन वर्षं राज्यात मुक्काम आणि सेन्सस डेटच्या आधीचं एक वर्ष. अर्जातच ‘कोअर रेसिडेन्सी क्वेश्चन्स’ असतात, त्यांवरून प्राथमिक निर्णय होतो. राज्यात आयकर नसल्यामुळे राज्याच्या टॅक्स रिटर्नचा पुरावा इथे कामाला येत नाही. बाबांच्या कंपनीचं बारा महिन्यांच्या नोकरीचं पत्र किंवा घराची मालकी यांना वजन आहे.

कॅलिफोर्नियात एच-४ च्या घरांना हटकून पडणारा गैरसमज म्हणजे ‘आमचं मूल इथे हायस्कूल शिकलं, मग एबी ५४० लागेलच’. कॅल स्टेट (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) आणि कम्युनिटी कॉलेजांना लागू असलेल्या त्या कलमाच्या पहिल्याच ओळीत तात्पुरत्या व्हिसावरचे लोक वगळलेले आहेत, अपवाद टी आणि यू व्हिसाचा (मानवी तस्करीच्या आणि गुन्ह्यांच्या बळींसाठीचे व्हिसा). म्हणजे विनाकागद मुलाला जे दार उघडं आहे, ते रीतसर व्हिसावर वाढलेल्या मुलाला बंद. ऐकून चीड येते, पण कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर एफ-१ वर येऊन खासगी शाळेत शिकणारी श्रीमंतांची मुलं असावीत, आपली नसावीत. तेव्हा कॅलिफोर्नियात तुमचं दार पहिलंच: पालकांचं डोमिसाइल. रेसिडेन्स डिटर्मिनेशन डेटच्या (रहिवास ठरवायच्या तारखेच्या) आधी वर्षाहून जास्त काळ, म्हणजे ३६६ दिवस, प्रत्यक्ष वास्तव्य आणि हेतू दोन्ही लागतात. यूसीत २४ च्या आतल्या विद्यार्थ्याचे आई-बाबा स्वतः कॅलिफोर्नियाचे रहिवासी नसतील, तर त्याला आर्थिकदृष्ट्या स्वतंत्र असल्याचं सिद्ध करावं लागतं. एच-४ वर पगारी काम करता येत नसल्याने ते जवळपास अशक्य. त्यामुळे बाबांची बदली सिअॅटलला झाली आणि मूल सॅन होजेत मावशीकडे राहून बारावी करतंय, अशी व्यवस्था करण्याआधी दहादा विचार करा.

व्हर्जिनियात पुरावा ‘स्पष्ट आणि खात्रीलायक’ हवा, असं कायद्यातच लिहिलंय. साध्या भाषेत, शंका राहिली तर ती तुमच्या विरोधात जाते. वर्षभराचं डोमिसाइल, राज्याचा आयकर, ड्रायव्हिंग लायसन्स, गाडीची नोंदणी, नोकरी, मालमत्ता, सगळं एकत्र तोलतात, आणि केवळ शिकण्यासाठी आलेल्याला डोमिसाइल नाही हेही तिथे स्पष्ट आहे. फेअरफॅक्स किंवा लाउडनमध्ये राहून मेरीलँडचं लायसन्स तसंच ठेवलेलं असेल तर ते आधी बदला.

न्यूयॉर्कच्या हायस्कूलच्या दाराला राज्यात किमान दोन वर्षं हायस्कूल, तिथूनच बारावी आणि त्यानंतर पाच वर्षांच्या आत प्रवेशाचा अर्ज लागतो, पण तिथल्या कायद्यातही तात्पुरत्या व्हिसावरचे लोक वगळलेले आहेत. डोमिसाइलच्या मार्गाने बारा महिने.

तिसरी पायरी : बारा महिन्यांची फाइल

पुराव्याची जातकुळी लक्षात घ्या. काही कागद ‘राहता’ हे सांगतात: भाडेकरार, गॅस-विजेची बिलं, शाळेचं ट्रान्स्क्रिप्ट. काही ‘राहणार’ हे सांगतात: राज्याचं पूर्ण वर्षाचं रहिवासी टॅक्स रिटर्न, घरखरेदीचे कागद, लायसन्स, गाडीची नोंदणी. ग्रीन कार्डच्या वाटेवरचा मंजूर आय-१४० (कंपनीने भरलेला अर्ज) हा हेतूचा फार बोलका कागद आहे, पण पालक तो लावायला विसरतात. ऑफिसने मागितला नाही तरी द्या.

प्रत्येक कागदावरची तारीख ठरलेल्या दिवसाच्या वर्षभर आधीची हवी. सप्टेंबरमध्ये नव्या राज्यात आलात आणि लायसन्स फेब्रुवारीत काढलं, तर तुमचं घड्याळ फेब्रुवारीपासून मोजायला ऑफिसला निमित्त मिळतं. कॅलिफोर्नियात स्थायिक झाल्यावर दहा दिवसांत लायसन्स आणि वीस दिवसांत गाडीची नोंदणी करावी, असा नियमच आहे.

या यादीत एक कागद असा असतो की तो तुम्ही चुकूनही तयार करायचा नाही: मतदार नोंदणी. हेतूच्या पुराव्यांत कॉलेजं तो सर्रास लिहितात आणि लायसन्सच्या खिडकीवर फॉर्म पुढे सरकवताना ‘मतदार म्हणून नोंदवायचं का’ हा चौकोनही येतो. अठरा पूर्ण झालेलं मूल एकटं जाऊन घाईत ‘हो’ म्हणून येतं. नागरिक नसताना नागरिक असल्याचा दावा केला गेला तर ग्रीन कार्डची वाट कायमची बंद होऊ शकते, वीस वर्षांची घरची रांग त्या एका टिचकीत वाया. मुलांना हे आधीच स्पष्ट सांगून ठेवा. रेसिडेन्सीच्या अर्जात त्या रकान्यासमोर ‘नागरिक नसल्याने लागू नाही’ एवढं लिहिलं की पुरतं.

सोशल सिक्युरिटी नंबरचंही तसंच. एच-४ वरच्या मुलाकडे तो बहुधा नसतो, टॅक्ससाठी काढलेला आयटीआयएन असतो. कॉलेजच्या अर्जात सोशल सिक्युरिटीचा रकाना रिकामा सोडा, तिथे आयटीआयएन ठोकू नका.

धाकटं भावंड अमेरिकेत जन्मलेलं, म्हणून नागरिक असेल, तर त्याचा फाफसा बिनधास्त भरा, आई-बाबांच्या व्हिसाचा त्याला अडसर नाही. फ्लोरिडात आई-बाबांच्या इमिग्रेशनवरून नागरिक मुलांना आउट-ऑफ-स्टेट ठरवत, ते २०१२ मध्ये केंद्रीय न्यायालयाने घटनाबाह्य ठरवलं.

चौथी पायरी : अर्ज आणि पाठपुरावा

अर्जात ‘तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात का’ याला ‘नाही’, व्हिसाचा प्रकार ‘एच-४’ आणि ‘शिकण्यासाठी एफ-१ घेणार का’ याला ‘नाही’. तिसऱ्या उत्तरावर मुलं अडखळतात, कारण कोणीतरी काहीतरी सांगितलेलं असतं. प्रवेशाचं पत्र आलं की पोर्टलवर रेसिडेन्सीचा वेगळा फॉर्म शोधा. यूसीत त्याला ‘स्टेटमेंट ऑफ लीगल रेसिडेन्स’ म्हणतात. प्रवेश मिळाला म्हणजे फीही ठरली असं नसतं. हा फॉर्म वेळेत गेला नाही की पहिल्या बिलावर मोठा आकडा येतो आणि तो उतरवायला अख्खं सत्र जातं.

फोनवर ‘हो हो, चालेल’ म्हणणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहून ठेवा आणि त्याच दिवशी ईमेल टाका: ‘आज आपण सांगितल्याप्रमाणे एच-४ वरचा अवलंबून असलेला विद्यार्थी पालकांच्या डोमिसाइलवर पात्र ठरतो, बरोबर ना?’ उत्तर लेखी आलं की ते फाइलला लावा. रेसिडेन्सी ऑफिसात नवीन आलेल्या कर्मचाऱ्याला एफ आणि एच मधला फरक माहीत असेलच असं नाही. त्यावर चिडून उपयोग नाही, विद्यापीठाच्याच नियमातली व्हिसांची यादी त्याला नम्रपणे पाठवा. अशी यादी बहुतेक विद्यापीठांकडे छापील असते.

बाबांची नोकरी गेली तर? एच-१बी ला साठ दिवसांपर्यंतची सवड असते आणि बरेच जण तेवढ्यात बी-२ वर जायचा अर्ज करतात. आई-बाबा बी-२ वर गेले की मूलही जातं. बी-२ वर ना शिकता येतं, ना डोमिसाइल टिकतं. आई किंवा बाबा एफ-१ वर जाऊन मुलाला एफ-२ केलं तर पूर्णवेळ पदवीचं शिक्षण एफ-२ वर चालत नाही. अशा वेळी कॉलेजात असलेल्या मुलाचा विचार वेगळा, त्याच्यापुरता, वकिलाकडून करून घ्या.

पाचवी पायरी : एकविसावा वाढदिवस

सगळी गणितं बिघडवणारी ही तारीख. एकवीस पूर्ण होताच एच-४ संपतो, ग्रीन कार्डची रांग कितीही जुनी असो. देशनिहाय सात टक्क्यांच्या मर्यादेमुळे भारतीयांची ईबी-२ आणि ईबी-३ ची (नोकरीवरच्या ग्रीन कार्डच्या वर्गांची) रांग दशकाहून लांब आहे, त्यामुळे मूल कॉलेजच्या तिसऱ्या वर्षात असताना बहुधा हा दिवस येतो. लहानपणी आलेल्या विनाकागद मुलांना हद्दपारीपासून संरक्षण देणाऱ्या डाका योजनेची सवलतही या मुलांना नव्हती. तिथे १५ जून २०१२ रोजी कायदेशीर दर्जा नसणं ही अटच होती.

आधी सीएसपीएचा, म्हणजे ग्रीन कार्डसाठी मुलाचं वय कसं मोजायचं ते सांगणाऱ्या कायद्याचा, हिशोब करा. २००२ च्या या कायद्याने आय-१४० जितके दिवस प्रलंबित होता तितके दिवस मुलाच्या वयातून वजा होतात. वय कोणत्या दिवशी मोजायचं हे व्हिसा बुलेटिनवर, म्हणजे ग्रीन कार्डच्या रांगेच्या दरमहा निघणाऱ्या तक्त्यांवर, ठरतं. १५ ऑगस्ट २०२५ पासून त्यासाठी ‘फायनल अॅक्शन’चा तक्ता धरतात, ‘डेट्स फॉर फायलिंग’चा नव्हे. जुन्या व्हॉट्सअॅप फॉरवर्डमधलं गणित यामुळे चुकतं.

त्यात बसत नसेल तर एफ-१ शिवाय फारसा मार्ग उरत नाही, आणि अर्ज वाढदिवसाच्या आधी जायला हवा. फीचं काय? इथे राज्याराज्यांत आणि कॉलेजाकॉलेजांत खरा फरक पडतो. एकदा दिलेला रहिवासी दर्जा सलग शिकत असेपर्यंत राहतो की व्हिसा बदलताच पुन्हा तपासतात, हे वीस वर्षांचं होण्याआधी लेखी विचारा. प्रश्न असाच विचारा: ‘एच-४ वर रहिवासी ठरलेला विद्यार्थी मधे खंड न पडता एफ-१ वर गेला, आई-बाबा अजून याच राज्यात एच-१बी वर आहेत, तर पुढच्या सत्रात त्याचं वर्गीकरण बदलेल का?’ कॅलिफोर्नियात एबी ५४० चं दारही एफ-१ ला बंद असल्याने तिथल्या घरांनी हे उत्तर दहावीतच मिळवून, त्यावरून चौथ्या वर्षाचं बजेट बांधावं. शक्य असेल तर एपी (हायस्कूलमधले कॉलेज-पातळीचे विषय) आणि कम्युनिटी कॉलेजची क्रेडिट्स जमवून पदवी साडेतीन किंवा तीन वर्षांत संपवणं, हा माझ्या मते सर्वांत व्यवहारी उपाय.

एफ-१ चे फायदेही आहेत. कॅम्पसवर नोकरी, इंटर्नशिप, पदवीनंतर ओपीटी (शिकलेल्या विषयात काम करायची तात्पुरती परवानगी), आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शाखांना त्यावर आणखी चोवीस महिने. एच-४ वरच्या मुलाला पगारी इंटर्नशिप करता येत नाही आणि संगणकशास्त्रात इंटर्नशिपशिवाय पुढची नोकरी अवघड. म्हणून काही घरं दुसऱ्या वर्षानंतर मुद्दाम एफ-१ घेतात. फीतला फरक आणि इंटर्नशिपची किंमत शेजारी शेजारी मांडा. इंजिनिअरिंगला उत्तर वेगळं येईल, जीवशास्त्राला वेगळं.

नकार आला तर

अपील असतंच आणि त्याची मुदत छोटी असते. अपिलात आपली कहाणी सांगत बसू नका. नकाराच्या पत्रात कोणतं कलम दिलंय ते वाचा, त्या कलमाला लागणारा कागद लावा आणि एका पानात तारखांचा क्रम द्या: राज्यात कधी आलो, नोकरी कधी, लायसन्स कधी, टॅक्स रिटर्न कोणत्या वर्षांचं, मुलाचा आय-९४ कधीपासून कधीपर्यंत. अपील फसलं तरी पुढच्या सत्रासाठी फेरवर्गीकरणाचा अर्ज करता येतो, मात्र आधीच्या सत्राची फी सहसा परत मिळत नाही. बारा महिने तेव्हा भरत नव्हते आणि आता भरले, अशांसाठी तोच मार्ग.

पुण्या-मुंबईहून एमएसला येणाऱ्यांसाठी

तुमच्या एफ-१ च्या वर्षांनी रेसिडेन्सी मिळत नाही, घर भाड्याने घ्या, टॅक्स भरा, काहीही करा. पण फी कमी करायची वेगळी वाट टेक्सासमध्ये आहे. सरकारी विद्यापीठाने स्पर्धेतून दिलेली किमान १,००० डॉलरची शिष्यवृत्ती मिळाली तर त्या काळापुरती रहिवाशाचीच फी लागू होऊ शकते. अर्ध्या वेळेची टीए किंवा आरए (शिकवण्याची किंवा संशोधनाची असिस्टंटशिप) मिळाली तरी तशीच सोय आहे. म्हणून डॅलस, आर्लिंग्टन, कॉलेज स्टेशनकडे अर्ज करणारे हजार डॉलरच्या शिष्यवृत्तीवर इतके टपून असतात. तिचा फायदा हजाराच्या कितीतरी पट असतो. अशा सवलती पटसंख्येच्या पाच टक्क्यांपर्यंतच देता येतात, तेव्हा विभागाला प्रवेशाच्या पत्रानंतर लगेच विचारा. शिष्यवृत्तीच्या पत्रात ‘स्पर्धात्मक’ हा शब्द आणि तिचा कालावधी लिहिलाय का, हे सही करण्याआधी बघा. पुढे एच-१बी मिळाल्यावर संध्याकाळचं एमबीए करायचं ठरलं, तर तुमचे बारा महिने एच-१बी सुरू झाल्याच्या दिवसापासून मोजायला लागा.